तीन रेसचा निकाल

आमच्या घरात भांडणं होत नाहीत. रेस होते.

हा नियम अण्णांचा, आमच्या वडिलांचा. त्र्याण्णव साली ते फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन महूहून इंदूरला आले आणि पहिल्याच आठवड्यात मला आणि धाकट्या बहिणीला, धम्मदीनाला, खिडकीजवळच्या खाटेवरून झोंबताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी कॅसेटवाला टीव्ही गेम घेऊन आले. "झिकझिक नाही पाहिजे. मैदानात निपटा. तीन रेस. जिंकेल त्याचं खरं." कॅसेटवर फुंकर मारायची, खटकन बसवायची, दोघांनी एकेक रिमोट घ्यायचा आणि गाड्या पळवायच्या. खाट, सायन्स की कॉमर्स, सगळं असंच ठरलं. धम्मदीनाने पुण्याची नोकरी घ्यावी की नाही हेही. ती अर्ध्या गाडीने जिंकली आणि गेली.

म्हणून गेल्या रविवारी पहाटेच ती अण्णांना पुण्याला न्यायला आली, तेव्हा मी वाद घातला नाही. तिचे मुद्दे बरोबर होते. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे, गुडघा धरलेला, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझा मुद्दा एवढाच की ते इथलेच आहेत. सकाळी रिक्षाने कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांपर्यंत जातात, दोन म्हाताऱ्यांशी बोलतात, पोहे खाऊन येतात. हा काही मुद्दा नव्हे. पण तिने संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं काढूनच आणली होती.

"मैदानात ये," मी म्हटलं.

"दादा, तू हरशील."

अण्णा सोफ्यावर बसले. भरलेली बॅग पायाशी. ते पंच. त्यांना काय वाटतं हे आम्ही विचारलं नाही. पंचाला कोण विचारतं?

जुना टीव्ही गेम कधीच भंगारात गेला होता. शेजारच्या बंटीने त्याचा नवा खेळण्याचा डबा आणून जोडला. "तोच रेसवाला गेम आहे भिया, नवीन एडिशन. एकदम मक्खन." मग तो सासुरवाडीला बेटम्याला निघून गेला, यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

आत घातलेल्या चकतीत गेम असतो असा माझा समज होता. चकतीत फक्त गेम कुठून मागवायचा याची माहिती असते. सकाळी सातला मागवायला लावला, दुपारी एकला आला. सत्त्याऐंशी जीबी. तेवढ्या वेळात आमचे पोहे झाले, जेवण झालं आणि धम्मदीनाची दोनदा चिडचिड झाली.

मग अटी आल्या. मान्य. मग सुधारित अटी. त्याही मान्य. मग पडद्यावर एक चिन्ह आलं आणि ते 'जेमतेम दिसेल' इतका उजेड कमी करायला सांगितलं.

"चांगलं दिसतंय ना?" अण्णा म्हणाले. "मग जेमतेम कशाला?"

मग गोष्ट सुरू झाली. आजकाल गाडी पळवायलाही दुःख लागतं. एक दाढीवाला ड्रायव्हर त्याच्या मेलेल्या वडिलांच्या गॅरेजमध्ये अकरा मिनिटं उभा राहिला. पाऊस पडत होता. पुढे ढकलायचं बटण नव्हतं.

"ह्याला कोणी रिपोर्टिंगचा टाइम नाही दिला का?" अण्णांनी विचारलं.

अखेर रस्ता आला. 'पुढे जाण्यासाठी काठी पुढे ढकला.' ढकलली. 'शाबास!' ब्रेक दाबला. 'शाबास!' रस्ता एकच होता, त्यावर पिवळे बाण होते, बाण दिसले नाहीत तर म्हणून बाजूला पिवळे पिंप होते, आणि एक बाई कानात सांगत होती, "पिवळ्याकडे चल." एवढं सांभाळून तर मला बालवाडीतही कुणी नेलं नव्हतं. मग नकाशा उघडला. त्यावर दोनशे चौदा खुणा. कुठे कबुतरं गोळा करा, कुठे पोस्टर फाडा. रेस कुठे होती ते दिसेना.

आणि हजेरीचं बक्षीस! आज आलात म्हणून निळं हेल्मेट. उद्या याल तर जांभळं.

अण्णा पुढे सरकले. "हजेरीचं?"

"हो."

"तेवीस वर्षं दिली मी. रोज. साली एक टोपी एक्स्ट्रा नाही भेटली."

अडीच वाजले. आता दुसरा खेळाडू. दोन माणसं एकाच टीव्हीपुढे बसतात हे त्या कंपनीला कुणी सांगितलं नसावं, कारण धम्मदीनाला स्वतःचं खातं काढावं लागलं. नाव, ईमेल, पासवर्ड, मग जन्मतारीख. साल निवडायला एक चाक. चालू वर्षापासून मागे फिरवायचं, एका झटक्यात एक वर्ष. तिला ब्याऐंशीला पोचायचं होतं.

"एवढं कोण फिरवत बसेल यार," ती म्हणाली आणि दोन हजार चौदावर थांबली. पुण्यात ती दोनशे लोकांच्या ऑफिसची एचआर आहे. तिथे असं कुणी केलं असतं तर तिने त्याला मेमो दिला असता.

पडद्यावर रंगीत फुगे आले. 'छान! तू अकरा वर्षांची आहेस! आता एखाद्या मोठ्या माणसाला बोलाव.'

मी खेळाडू म्हणून आधीच नोंदलेला, मला पालक होता येईना. तिने अण्णांचा नंबर टाकला. त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, लिंक उघडली आणि हिंदीतलं मोठ्याने वाचलं, "क्या आप इस बच्चे को यह मुकाबला खेलने की अनुमति देते हैं? हाँ. नहीं."

"हाँ दाबा, अण्णा. लवकर. चारला निघायचंय."

अण्णांनी आधी फोनकडे पाहिलं, मग बॅगेकडे. मग अंगठा ठेवला.

फुगे गेले. 'पालकाने परवानगी नाकारली. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.'

"अण्णा! 'नहीं' दाबलं तुम्ही?"

"दाबलं."

"अहो, तो फक्त खेळायचं विचारत होता!"

"काय विचारत होता ते मला कळतं, धम्मा. सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं तरी."

मी रिमोट खाली ठेवला. टीव्हीवर तो दाढीवाला परत गॅरेजमध्ये येऊन उभा होता.

अण्णांनी बॅग उघडली, दाढीचं सामान काढलं आणि मोरीकडे निघाले. दारात थांबून पंचाच्या आवाजात म्हणाले, "रेस नाही झाली. निकाल नाही. म्हणजे पोस्टिंग जिथे आहे तिथे."

धम्मदीना एकटी गेली. जाताना तिने जिन्यावरूनच गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली, इथल्याच, आणि मला दाखवली. मी हो म्हटलं. लिफ्टवाल्या घराचंही बघतो म्हटलं.

बंटी डबा घेऊन गेलाय. पण अण्णांचा नंबर तिकडे राहिला आणि त्या कंपनीला चिकाटी आहे. रोज सकाळी मेसेज येतो: 'धम्मदीना इंतज़ार कर रही है. अनुमति दें?' अण्णा चष्मा लावतात, पूर्ण वाचतात, 'नहीं' दाबतात.

मग तिला फोन लावतात.