बैलाच्या खुरांचा घोडा

शेवंतीचं लग्न झालं ते साल १९५७, महिना वैशाखाचा. मी त्याच लग्नासाठी घरात आलो. म्हणून माझं वय कुणी विचारलं, तर शेवंतीच्या संसाराएवढं, असं मी सांगतो.

मित्रांनो, मी सावंतवाडीचा लाकडी घोडा. उंचीने वीतभर. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मला कोरलं, लाल रंग दिला, वर पिवळे ठिपके काढले आणि माझ्यासारख्याच वीस भावांबरोबर दुकानात मांडलं. आमचे पाय म्हणजे चार सरळ खुंट्या. तिथून मला उचललं ते तोंडवलीच्या हरिश्चंद्र कोयंडे यांनी. शेवंती त्यांची एकुलती एक मुलगी. सगळे त्यांना आबा म्हणत. होड्या रंगवणं हा त्यांचा धंदा आणि लाकडी जनावरं आणून ती नव्याने घडवणं, रंगवणं हा त्यांचा नाद.

"रुखवतात ठेवूचो तर घोडो घोड्यासारखो दिसाक होयो," आबा म्हणाले.

मुशी माशाचं वाळलेलं कातडं काचपेपरासारखं खरखरीत असतं. त्याने घासून त्यांनी माझा लाल रंग उतरवला. जुन्या जाळ्याचा धागा पिंजून मला आयाळ लावली. मांजराच्या शेपटीच्या केसांचा ब्रश करून पापण्या रेखल्या. त्या दिवसापासून मांजर आबांपासून चार हात लांब बसू लागलं. शेवटी चाकू घेऊन त्यांनी माझ्या चारही पायांना खूर कोरले. प्रत्येक खुराच्या मधोमध एक स्वच्छ चीर दिली.

चूक तिथेच झाली; घोड्याचा खूर अखंड असतो, चीर असते ती बैलाच्या खुराला. पण चूक तरी कशी म्हणू? आबांनी जन्मभर पाहिले ते बैल. घोडा पाहिला तो कॅलेंडरात, आणि त्या चित्रातले पाय गवतात बुडालेले होते.

लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मग नवऱ्या मुलाचे काका महादू पुढे आले. ते मुंबईला घोड्यांच्या तबेल्यात नोकरीला होते. त्यांनी मला उलटा केला.

"व्याह्यानू, घोडो बरो आसा. पण पाय खंयच्या बैलाचे उसने हाडलात?"

मांडव हसला. आबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मी शेवंतीबरोबर तिच्या सासरी, देवबागला गेलो. तिथे चेष्टा थांबेना. शेवंतीच्या हातून भाकरी करपली, की नणंद म्हणायची, "गो वयनी, तुझो बापूस घोड्याक बैलाचे खूर लायता. तुका तरी काय शिकवतलो?" माझ्यामुळे तिला मान खाली घालावी लागे. चतुर्थीला माहेरी आली तेव्हा तिने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं.

"आबा, ह्यो हयच ऱ्हवांदे."

तेवढ्यावरून आबा समजले. गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आंबोलीची एस.टी. पकडली. तिथे एका कंत्राटदाराकडे तट्टू आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्या पिशवीत होतो. धो धो पावसात, गोठ्याच्या पत्र्याखाली आबा तट्टूसमोर उकिडवे बसले. तट्टू सांभाळणारा गणपत गोंधळला.

"काय बघतास?"

"पाय."

"ह्येका कायव लागूक नाय हा."

"माका लागला हा," आबा म्हणाले.

दोन दिवस ते तिथेच होते. नारळाच्या झावळीच्या हिराने, म्हणजे काडीने, त्यांनी खूर मोजले, मान मोजली, गुडघा कुठे वळतो ते पाहिलं. घरी येऊन त्यांनी लाकडाचा भुसा आणि राळ कालवून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, केली, चारही चिरा बुजवल्या, खूर गोल घासले आणि मला त्या तट्टूचा, भाजल्या काजूबीसारखा तपकिरी रंग दिला.

दिवाळीत आबा स्वतः मला घेऊन देवबागला गेले. महादूकाका सुट्टीवर आले होते. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि खऱ्या घोड्याचा उचलावा तसा माझा एकेक पाय निरखला. शेवंती दाराआड उभी होती.

"व्याह्यानू, आता नाल तेवढो मारूचो ऱ्हवलो," काका म्हणाले. "माका असोच एक करून द्या. तबेल्यात ठेवतंय. खरे घोडे बघूंदेत!"

शेवंती बाहेर आली आणि नणंदेच्या देखत तिने मला देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. मित्रांनो, त्या दिवशी माझी मान जितकी ताठ होती, तितकी ती कोरणाऱ्यानेही केली नव्हती! पुढे आबांनी चाळीसेक घोडे रंगवले. पण आंबोली पाहून आलेला मी एकटाच.

नंतर फळीवर डबे आले आणि मी डब्यांमागे गेलो. खाऱ्या हवेने रंगाचे पोपडे निघाले. गेल्या उन्हाळ्यात, १९७० साली, शेवंतीच्या धाकट्या मुलीने मला बादलीत बुडवून आंघोळ घातली. मागच्या डाव्या पायाची लांबी गळून पडली आणि जुनी चीर उघडी झाली.

"आये, बैलाचो खूर!" पोर ओरडली.

शेवंतीने त्या चिरेवरून बोट फिरवलं. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "ह्यो एक पाय आबांचो."

तेव्हा मित्रांनो, लाकडाच्या घोड्याला पाण्यात घालू नका. कोरड्या फडक्याने पुसा, रंग उडाला तर रंग द्या. पण माझा तो खूर बुजवू नका. तो बुजवून देणारे हात आता नाहीत. हरिश्चंद्र कोयंडे १९६८ साली, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, तोंडवलीला वारले.