पडदा तुमचा, तोंड माझं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. मला वीज लागत नाही, तार लागत नाही. अरुंद टोकाला ओठ लावून बोलले की रुंद टोकातून आवाज लांब जातो, एवढेच माझे शास्त्र. आपली गोष्ट जन्मापासून सांगायची रीत आहे. मी मात्र एका साध्या सकाळपासून सुरुवात करणार आहे, कारण तशी सकाळ आमच्या घरात पुन्हा आली नाही.

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माझे मालक चंदर उभे होते. खाली भाजीची हातगाडी आली. त्यांनी मला तोंडाला लावले.

"ए भाजीवाल्या! अळूची पानं हायत का?"

"आहेत बाबा!" खालून उत्तर आले. "मला ऐकू आलं, कॉलनीलाही आलं!"

आत पेपर वाचत बसलेली त्यांची मुलगी रोशनी म्हणाली, "बाबा, सोसायटीची नोटीस येईल हं आता. भाजीवाल्याने फोन नंबर दिलाय ना तुला?"

"फोनवर पानं हिरवी का पिवळी ते दिसतं का?"

"आणि भोंग्यातून दिसतं?"

"भोंगा वाजला की तो वर बघतो. वर बघणारा माणूस खोटं बोलत नाय."

रोशनी हसली. ती कॉलेजात शिकवते. मोजके बोलते आणि पुष्कळ वाचते. त्या दिवशी पेपरात तिला एक बातमी दिसली. 'उस पार का दीया' या जुन्या हिंदी चित्रपटाला पन्नास वर्षे होत होती आणि तो पुन्हा चित्रपटगृहांत लागणार होता, नाशिकमध्येही. ती मोठ्याने वाचू लागली, तसे चंदर खुर्चीत टेकले.

"गावच्या बायांना आणायचं," ते म्हणाले. "गोजराबाई, सिंधुबाई, जेवढ्या उरल्यात तेवढ्या. मी सांगतो त्यांना पिक्चर. पहिल्यासारखा."

"बघू, बाबा."

"बघू काय? गाडीचं तू बघ, गोष्टीचं मी बघतो."

मग त्यांनी माझ्या काठाला खोबरेल तेलाचे बोट फिरवले आणि मला खिळ्याला अडकवले. संध्याकाळी अळूवडी झाली. चंदरनी जरा जास्तच खाल्ली, म्हणून बायकोची, मंगलाबाईंची, बोलणीही खाल्ली. दुसऱ्या सकाळी त्यांच्या चहावर साय धरली, तरी ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

आता जन्माचे सांगतो. मी आधी वनस्पती तुपाचा डबा होतो. पंचवटीतल्या एका पत्रेवाल्याने मला कापले, वळवले, सांध्याला डाग दिला आणि जुन्या बादलीची कडी मूठ म्हणून बसवली. माझ्या पोटात अजून एक हिरवे पान छापलेले आहे. आत डोकावले तरच दिसते. उन्हात माझे टोक तापून ओठ भाजायचे, म्हणून मंगलाबाईंनी त्याला लुगड्याच्या काठाची पट्टी गुंडाळली. त्यांचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते.

चंदर मूळचे पेठ तालुक्याच्या डोंगरातले. एका तंबू टॉकीजमध्ये त्यांना पुकाऱ्याचे काम मिळाले होते. भात कापून झाले की आमचा तंबू पाड्यांवर फिरायला निघे. दिवसभर चंदर मला घेऊन वाड्यावस्त्यांवर ओरडत जात, "आज सांजेला पिक्चर हाय हो!" काम तेवढेच होते. पण चित्रपट हिंदी, आणि समोर गोणपाटावर बसलेल्या बाया डोंगरच्या. पडद्यावर नट काय बोलतो हे त्या एकमेकींना विचारत राहायच्या आणि पुढचे निसटून जायचे. एकदा चंदरला राहवले नाही. ते पडद्याच्या बाजूला उभे राहिले आणि माझ्यातून आपल्या बोलीत सगळी गोष्ट सांगू लागले. त्या दिवसापासून लोक म्हणू लागले, "नट तिकडं तोंड हलवतो, बोलतो आपला चंदरच." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

'उस पार का दीया' आम्ही कितीतरी पाड्यांवर दाखवला. त्याची कथा साधी आहे. एक माणूस कामासाठी नदीपलीकडे जातो. त्याची बायको रोज संध्याकाळी घाटावर दिवा लावते, पलीकडून त्याला दिसावा म्हणून. शेवटी नदीला पूर येतो, घाटावर दिवा एकटा जळत राहतो आणि माणूस काही येत नाही.

मित्रांनो, आमच्याकडे पोटासाठी परमुलखात कामाला जाण्याला 'जगायला जाणे' म्हणतात. भात कापून झाले की घरची माणसे जगायला जात. कोणी नाशिककडे द्राक्षमळ्यांत, कोणी गुजरातेत. तंबूत बसलेल्या बहुतेक बायांची माणसे घरी नव्हती. चंदरच्या स्वतःच्या पाड्यावर पहिल्या दिवशी त्यांनी शेवट जसा होता तसा सांगितला. खेळ संपला, तरी बाया गोणपाटावरून उठेनात. सकाळी कळले की गोजराबाईंनी चूलच पेटवली नव्हती. त्यांच्या माणसाचा बऱ्याच दिवसांत निरोप नव्हता. सिंधुबाईंच्या माणसाचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या खेळाला पडद्यावर तोच रिकामा घाट आला, तोच दिवा. आणि चंदर माझ्यातून ओरडले, "आला! आला बघा! पाण्यातनं चालत येतोय, अंगरखा भिजलाय, डोईवर गठुडं हाय!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. खेळ संपल्यावर तंबूच्या मालकाने त्यांना धरले. "अरे, पडद्यावर काळं कुत्रं नाही आणि तू आला म्हणतोस?"

"मालक," चंदर म्हणाले, "पडदा तुमचा, तोंड माझं."

त्यानंतर प्रत्येक पाड्यावर तो माणूस घरी येत राहिला. लहानगी रोशनी पुढच्या रांगेत बसून त्याला येताना ऐकत असे.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि तंबू गेले. मी चंदरच्या घरी आढ्याला टांगला गेलो. कधी माझ्यातून पोत्यात नागली ओतली. कधी लसीचा दिवस पुकारायला सरकारी माणसाने मला मागून नेले. एका कोंबडीने माझ्यात अंडीही घातली. रोशनी आईवडिलांना नाशिकला घेऊन आली, तेव्हा सामान फार झाले म्हणून मंगलाबाई मला ठेवून येणार होत्या. चंदर म्हणाले, "मग मीबी राहतो." म्हणून मी आलो.

आता पुन्हा त्या घरात चला. कार्य आटोपले. रोशनीने सगळे नीट केले. पाहुण्यांची सोय पाहिली, दाखला आणला, आईला वेळच्या वेळी जेवायला लावले. पण भेटायला आलेल्यांना ती "बाबांचं असं झालं" एवढेच म्हणे. कसे झाले ते सांगे, काय झाले तो शब्द मात्र तिच्या तोंडून निघत नव्हता. मंगलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "रडत नाय, बोलत नाय. तिच्या आत काय कोंडलंय, देव जाणे."

एका सकाळी रोशनीने मला खिळ्यावरून काढले, पिशवीत घातले आणि चित्रपटगृहात गेली. तिथला व्यवस्थापक नवनाथ नावाचा तरुण होता.

"गावाकडच्या काही बायका येतील," ती म्हणाली. "त्यांना हिंदी कळत नाही. मी त्यांना गोष्ट सांगणार आहे, चित्रपट चालू असताना."

"मॅडम, आम्ही स्वतःच पडद्यावर दाखवतो, बोलू नका म्हणून."

"माझ्या वडिलांची इच्छा आहे."

"मग त्यांनाही आणा ना. पण बोलायचं नाही."

रोशनी घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला नवनाथने हात जोडले. "सोमवारी सकाळच्या खेळाला फारसं कुणी नसतं. पुढे बसा, हळू बोला. कुणी तक्रार केली तर मी तुम्हाला ओळखत नाही."

घरी मंगलाबाई अडून बसल्या. "मी नाय येत. त्याच्याबिगर काय बघू?"

"आये, त्याने सांगितलेला शेवट एकदा तरी पुन्हा ऐकू येऊ दे," रोशनी म्हणाली. "तू नाही आलीस तरी मी जाणार आहे."

सोमवारी पेठहून जीप भरून म्हाताऱ्या आल्या. गोजराबाई उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "काय गं, तुझ्या शहरात थेटरात जायला पण आगगाडीचा जिना?" त्या सरकत्या जिन्यावर एक पाय ठेवून दोनदा मागे फिरल्या. वर दाराशी रखवालदाराने पिशवी उघडली.

"हे काय आहे?"

"भोंगा."

"आत वाजवायचा नाही."

"तो वाजत नाही. त्यातून बोलतात."

रखवालदाराने माझ्यात डोळा घालून पाहिले. बहुधा त्याला हिरवे पान दिसले असावे. त्याने मला आत सोडले.

खुर्च्यांत बसल्यावर रोशनी गोजराबाईंकडे वळली. "गोजरामावशी, एक सांगायचंय. बाबा सांगायचा तो शेवट पिक्चरमध्ये नाही. तो माणूस येत नाही."

गोजराबाई खो खो हसल्या. "अगं बाय, आम्हांला डोळं नव्हतं का? पडद्यावर दिवा नि पाणी. चंदर म्हणतो आला. आम्ही म्हटलं, बरं, आला! माझा त्या साली शिमग्याला आलाबी. तवर चूल पेटवायला काय तरी लागतं ना?" मग त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "तू तसाच सांग. चंदरसारखा."

पलीकडे सिंधुबाई बसल्या होत्या. त्यांचा माणूस त्या वर्षी आला नव्हता, नंतरही नाही. त्या हळूच म्हणाल्या, "मला खरा सांग, पोरी. इतकी वर्सं आला, आला म्हणून ऐकलं. कुणी तरी नाय आला म्हण. मग मीबी म्हणीन."

दिवे मालवले. मित्रांनो, मी आयुष्यभर ओरडलो. माझ्यातून कुजबुजताही येते हे मला त्या दिवशी कळले. रोशनीने मला ओठांशी धरले आणि बापाच्या बोलीत गोष्ट सुरू केली. मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, हळू जरा!" आणि पुटपुटत वरच्या रांगेत जाऊन बसले. रोशनी थांबली नाही. नायक नदी ओलांडून गेला तेव्हा तिचा आवाज कापरा झाला, पण तुटला नाही. म्हाताऱ्या चुकचुकत होत्या. गोजराबाई खलनायकाला मनमुराद शिव्या देत होत्या. मंगलाबाई डोळे मिटून नुसत्या ऐकत होत्या.

मला जपा म्हणून मी तुम्हाला विनवणार नाही. पत्र्याला तेलाचे एक बोट पुरते. पण तुमच्या घरात कुणी गोष्ट सांगणारे असेल, तर त्याला "बघू" म्हणू नका. बसा, ऐका आणि त्याच्या देखत एकदा तरी ती आपल्या तोंडाने सांगून पाहा. आवाज आपोआप उरत नाही, तो कुणीतरी पुढे न्यावा लागतो. आणि न्यायचा म्हणजे त्याचेच शब्द म्हणायचे असे नाही. हे मला पुढच्या काही क्षणांनी शिकवले.

पडद्यावर पूर आला. घाट रिकामा झाला. दिवा जळत राहिला.

"आला म्हण," गोजराबाई कुजबुजल्या.

सिंधुबाई पडद्याकडे नव्हे, रोशनीकडे बघत होत्या.

रोशनीचे ओठ माझ्यावर टेकलेले होते. तिचा श्वास माझ्यात आला, पण शब्द आला नाही. ती ज्यासाठी इथवर भांडत आली होती, तो 'आला' अगदी तोंडाशी होता. संगीत थांबले. मग तिने मला खाली घेतले, मांडीवर ठेवले आणि नुसत्या आपल्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असे, म्हणाली,

"नाय आला, मावशी. तो आता येणार नाय." मग ती आईकडे वळली. "आये, बाबा वारला. माझा बाबा वारला."