सुटलेली नाडी

"आता काय?" मेकॅनिकने मागे न वळताच विचारलं.

"बुटाची नाडी सुटली रे," खालून मास्तरचा आवाज आला.

"परत? एक गाठ धड मारता येत नाही आणि जन्मभर पोरं शिकवलीस."

"मी भूगोल शिकवायचो. पोरांच्या नाड्या त्यांच्या आया बांधायच्या."

सिस्टर हसली. मेकॅनिक कमरेवर हात ठेवून चढाकडे बघत उभा राहिला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं, झाडांना तांबूस पालवी फुटली होती आणि नऊच्या आत उतरलं नाही तर टेकडीपलीकडच्या हॉटेलात अंडी संपणार होती. हे दर वर्षी सांगावं लागे.

थोडं पुढे गेले तोच फोटोवाल्याला एक रानफूल दिसलं.

"अरे, स्टुडिओ विकलास ना तू? मग कुणासाठी काढतोस?"

"सवय रे. तू नाही का अजून लिफ्टमध्ये शिरलास की कान लावून ऐकत बसतोस?"

ते खरं होतं. मेकॅनिकने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आणि लिफ्टवाल्याला बोलावणं येतं ते लिफ्ट बंद पडल्यावरच, म्हणून तो जन्मभर जिनेच चढला होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन, न थांबता. त्यामुळे दर वसंतातल्या चौघांच्या या फेरीत पुढे चालायचा मान त्याचा, हे न बोलता ठरलेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या फुप्फुसांचा फोटो बघून चढ वर्ज्य सांगितला होता. बायको म्हणाली होती, "मित्रांना सांगून टाका की. त्यात काय लाज?"

"सांगितलं की संपलं," तो म्हणाला होता. बँकेतल्या मित्राचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. गुडघे गेले तेव्हा सगळ्यांनी प्रेमाने त्याला थेट नाश्त्यालाच यायला सांगितलं. एक वर्ष आला, मग यायचाच बंद झाला. शिवाय सिस्टरचा नियम होताच: टेकडीच्या फाटकाच्या आत दुखणी आणायची नाहीत, वॉर्डात तीच ऐकून तिचे कान किटले होते. मेकॅनिकला तो नियम फार सोयीचा पडे. पुढे चालण्याचीही सोय होती. धाप मागच्यांना ऐकू जात नसे.

माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सिस्टरच्या बुटात दोनदा खडा गेला, फोटोवाल्याला एक मुंगळा सापडला आणि मास्तरची नाडी आणखी एकदा सुटली.

"तुमच्याबरोबर येण्यापेक्षा गोगलगाई आणल्या असत्या," मेकॅनिक टाकीच्या खांबाला टेकून म्हणाला.

"त्यांना निदान बूट नसतात," मास्तर म्हणाला.

हॉटेलात अंडी संपली नव्हती. ऑम्लेट आलं, टोस्ट आले, चहा आला. मेकॅनिकचं तोंड मात्र चालूच होतं. पुढच्या वर्षी सिस्टरला चपला, फोटोवाल्याला घोड्याची झापडं आणि मास्तरला... एवढ्यात त्याच्या हाताचा धक्का लागून चमचा खाली पडला.

तो टेबलाखाली वाकला. चमचा मास्तरच्या पायाशी होता. मास्तरच्या बुटांना नाड्या नव्हत्याच. प्रत्येकावर वेल्क्रोच्या दोन रुंद पट्ट्या होत्या.

वाकलं की त्याला दम लागे. तरी तो तिथेच राहिला.

"सापडला का?" वरून सिस्टरने विचारलं.

"सापडला."

वर आला तेव्हा त्याला चांगलाच राग आला होता. बायकोने यांना फोन केला असणार. घरी गेल्यावर जाब विचारायचा. तिघांनाही आत्ताच चार शब्द सुनवावेत असंही वाटलं. सिस्टरने त्याच्याकडे न बघता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि फोटोवाल्याला मीठ मागितलं.

"खा ना. गार झालं तुझं," मास्तर म्हणाला. "आता उशीर कोण करतंय?"

मेकॅनिक खायला लागला.

परतीच्या रस्त्यावर फाटकाच्या अलीकडे एक लहानसा चढ आहे. मेकॅनिक नेहमीसारखा पुढे होता. चढाच्या मध्यावर तो थांबला. मागून कुणी हाक मारली नव्हती. त्याने एक पाय दगडावर ठेवला, सकाळी घट्ट मारलेली गाठ सोडली आणि नाडी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. छाती भात्यासारखी हलत होती, ती त्याने लपवली नाही.

मागचे तिघे जवळ आले आणि थांबले.

"सुटली?" मास्तरने विचारलं.

"सुटली."

"मग बांध सावकाश," मास्तर म्हणाला आणि शेजारच्या दगडावर बसला.