पत्रकाखालचं नाव

मित्रांनो, भडगावात मृणालीच्या दुकानी फ्लेक्स करायला गेलात, तर कोपऱ्यात एक काळं धूड दिसेल. येणारे-जाणारे माझ्यावर हेल्मेट ठेवतात. बाई गं, काय ही दशा! मी पायानं चालवायची जुनी छपाईची मशीन आहे, आणि माझ्यातून निघालेल्या एका कागदानं सारं भडगाव उठवलं होतं. आठवलं की आजही माझे रूळ गोठतात.

बेचाळीस सालची गोष्ट. मृणालीचे पणजोबा जीवराम माझे मालक. ते लग्नपत्रिका छापायचे आणि दार लावून इंग्रजांविरुद्धची पत्रकं. पत्रकं गावोगाव जायची, पण लोक त्यांनी चूल पेटवायचे. कुणी लिहिलं, कोण बोलावतंय, काही पत्ता नाही. अशा निनावी कागदामागे घरदार सोडून कोण निघेल?

मग ते पत्रक छापायला आलं. ‘बाजाराच्या दिवशी गिरणा नदीकाठी जमा. कचेरीवर तिरंगा लावायचा आहे.’ जीवरामांनी घाईघाईनं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. आणि हाताची जन्माची सवय! प्रत्येक पत्रिकेखाली बसवायची ती ओळ त्यांनी इथंही बसवली: ‘जीवराम छापखाना, भडगाव.’ अहो, मी हादरलेच! सरकारविरुद्धचा कागद आणि खाली स्वतःचं नाव-गाव! ओरडावंसं वाटलं, पण यंत्राला कुठली वाचा? त्यांचा पाय पडत राहिला, मी छापत राहिले.

पत्रकं वाटून झाली, तेव्हा कुठं त्यांच्या पत्नीनं, सुंदरबाईंनी, उरलेलं एक उचललं आणि खालची ओळ वाचली.

“आरे देवा! तुम्ही तं नाव टाकी दिधं! आते मन्हा माहेरले पयी जा!”

 पिशवी भरून जीवराम सासुरवाडीला पळणार, तोच शेजारचे पितांबर आबा पत्रक घेऊन दारात हजर.

“जीवराम, खाले तुन्हं नाव शे, मंग हाई खोटं कसं ऱ्हाई? आम्ही बठ्ठा येसूत.”

सारेच येणार म्हटल्यावर जीवरामांनी पिशवी खाली ठेवली.

बाजाराच्या दिवशी उघड्या दारातून मी पाहिलं आणि थक्क झाले. बैलगाड्या काय, पोरं कडेवर घेतलेल्या बाया काय! काल चुलीत जाणारा कागद आज माणसांनी कमरेला खोचला होता. सर्वांत पुढं जीवराम. तिरंगा लागला. संध्याकाळी तेच पत्रक हातात धरून फौजदार आला, नाव वाचलं आणि त्यांना घेऊन गेला. तुरुंगातून सुटून आले तेव्हा त्यांचे हात इतके थरथरत, की खिळा धरवेना. मला फार वाईट वाटलं.

आणि काल काय व्हावं! मृणाली संगणकावर पत्रक करत होती, गिरणेतली वाळू चोरून नेणाऱ्यांविरुद्ध लोकांना नदीकाठी बोलावणारं. तिचा भाऊ राजदीप म्हणाला, “ताई, नाव टाकू नको. लफडं होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दे ना, कुणाला कळतंय?”

 मृणालीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्यावरचं हेल्मेट उचलून बाजूला ठेवलं आणि पत्रकाखाली लिहिलं: ‘मृणाली, जीवराम छापखाना, भडगाव.’ मी पुन्हा हादरले. तेच गाव, तीच ओळ, पण या वेळी चुकून नव्हे!

मित्रांनो, हाक मारायची तर नाव सांगून मारा. आणि नाव सांगून कुणी हाक मारली, तर घरात बसू नका. येत्या बाजारी पोरगी गिरणाकाठी उभी राहणार आहे. तुम्ही जा. मला चालता येत नाही.