जेवण झाल्यावर या

जर्मनीचा राजा हेन्री चौथा भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून कनोसाच्या किल्ल्यापाशी गेला आणि पोपची माफी मागत तीन दिवस अनवाणी बर्फात उभा राहिला. अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या एका कॉलेजात मी हे दर हिवाळ्यात शिकवतो. मुलं विचारतात, राजाकडे सैन्य होतं, पोपकडे काय होतं? मी सांगतो, बहिष्कार होता. पोपने राजाला धर्माबाहेर काढलं आणि प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. राजाच्या पंगतीला बसणाराही पापी ठरू लागला. सरदार टपलेलेच होते. ते म्हणाले, वर्षभरात बहिष्कार उठवून घे, नाहीतर दुसरा राजा निवडतो.

यंदा एक मुलगी म्हणाली, मग एकट्याने जेवायचं, त्यात काय एवढं? वर्ग हसला. तिचं काही चुकलं नाही. तिला कधी कुणी पानावरून उठवलेलं नाही.

मी नागपूरचा. इथे नोकरी लागली तेव्हा इथलाच विनय आणि त्याची बायको पद्मिनीवहिनी यांनी मला घरचाच करून टाकलं. दर रविवारी वहिनींचा फोन यायचा, भाऊजी, एकटे काय खाता, इकडे या. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. त्यांनी आडून आडून विचारलं की मी नागपूरचा उन्हाळा सांगत बसायचो.

ऑक्टोबरात मी त्यांना जेवायला बोलावलं. विनयला आवडतं म्हणून दिवसभर खपून मटण केलं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो नेहमीसारखा होता. ते काढून ठेवावेत असं माझ्या मनातही आलं नाही. वहिनींनी भिंतीकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि आज आपला उपास असल्याचं त्यांना आठवलं. विनयचंही पोट अचानक बिघडलं. ते मटण मी तीन दिवस एकटा खात होतो.

त्यानंतर फोन बंद. पोपने निदान जाहीर करून टाकलं होतं. इथे कुणी चकार शब्द काढला नाही. इंडियन स्टोअरमध्ये वहिनी भेटल्या तर हसायच्या, पण भाऊजीचा आता सर झाला होता. मराठी बोलायला माणूस उरला नाही. आंघोळ करताना मी स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागलो. फार एकटं वाटायचं, ते लपवून काय करायचंय?

जानेवारीत वहिनींचा फोन आला.

"सर, शनिवारी तिळगूळ ठेवलाय. सगळे येतायत. तुम्ही असं करा ना, आठनंतर या, जेवण झाल्यावर. आरामात."

विनयने करायला लावला असेल. गेलो नाही तर उरलंसुरलं दारही बंद होणार होतं. आठनंतर गेलो तर माझी जागा जेवणानंतरची आहे हे मीच मान्य केल्यासारखं होतं. आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही.

शनिवारी बर्फ पडत होता. मी सातलाच पोचलो. खिडकीतून टेबल दिसत होतं, गुळाच्या पोळ्या दिसत होत्या. बूट ओले होईपर्यंत मी ड्राइव्हवेवर उभा राहिलो. हेन्रीकडे कबूल करायला चूक तरी होती. मी काय कबूल करणार? बेल दाबली.

वहिनींनी दार उघडलं. हातात वरणाचा डाव होता. सर, तुम्ही लवकर आलात, असं काहीतरी पुटपुटल्या.

"वहिनी," मी म्हणालो, "मी जेवायचा आहे."

विनयने माझ्यासाठी खुर्ची ओढली, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. वहिनींनी वाढलंही, डाव ताटाला लागू न देता. मग विनयचा मित्र श्रीरंग म्हणाला, आमचं होतच आलं होतं, आणि अर्धी पोळी टाकून उठला. त्याची बायको लतिका त्याच्यामागून उठली. कुणाला मुलांकडे बघायचं होतं, कुणाला गाडीवरचा बर्फ काढायचा होता. शेवटी विनय पाणी आणतो म्हणून किचनमध्ये गेला आणि तिथेच राहिला.

पोपने राजाला आत घेतलं आणि मग आपल्याबरोबर जेवायला बसवलं, असं सांगतात. हा भाग मी वर्गात शिकवत नाही, तास संपतो. एवढ्या मोठ्या टेबलावर मी एकटा उरलो होतो. बाहेरच्या खोलीत तिळगूळ वाटायला सुरुवात झाली, गोड बोला, गोड बोला चाललं होतं. वरण छान झालं होतं. मी डाव उचलला, माझ्या हाताने पुन्हा वाढून घेतलं आणि सावकाश जेवलो.