एका हातात मावणारं कुराण

सकाळपासून आजारी बहिणीची कूस बदलून, तिला चमच्याने पाणी पाजून खालाचा जीव मेटाकुटीला आला होता. संध्याकाळी भाची कारखान्यातून परतली. दिवसभर शर्टांना कॉलर जोडून तिचाही पार चोथा झाला होता. तरी ती अम्मीच्या खाटेशी जाऊन बसली. अम्मीने लगेच तिचा उजवा हात घट्ट धरला. अंथरूण धरल्यापासून हातात कुणाचा तरी हात नसला, की अम्मी घाबरीघुबरी व्हायची. भाचीने डाव्या हाताने फोन उघडला आणि कुराणातली यासीन वाचायला घेतली.

खालाला ते बघवेना. "फळीवर कुराण आहे की. काढून देऊ?"

"एका हाताने पानं कशी उलटू, खाला?"

तेवढ्यात, आयतीच्या मधेच, फोन वाजला. काचेवरची अक्षरं पुसली गेली आणि सुपरवायझरचं नाव झळकलं. उद्या लवकर ये, माल जायचाय, असं तो खेकसत होता ते खालालाही ऐकू आलं.

"बघ! अल्लाहचा कलाम, आणि त्याच काचेवर त्या मेल्याची बडबड. फळीवरच्या कुराणात कुणी असं घुसतं का?"

"नाही घुसत," भाची डोळे मिटून म्हणाली. "पण ते घेऊन बसमध्ये उभ्याने वाचता येत नाही. इतक्यात जे काही वाचून झालं, ते यातच." ती चिडली नव्हती. चिडायलाही अंगात त्राण लागतं.

फळीवरचं कुराण खाला रोज झटकायची, पण उघडलं कधी होतं? तिला आठवेना.

"हे वाजणं बंद होतं का गं?"

"होतं."

"मग कर. बसू दे त्याला तिकडे बोंबलत."

भाची पुढे वाचू लागली. वाचता वाचता जीभ अडखळली, मान कलंडली आणि फोन मांडीवरून घसरून तिच्या पायाशी पडला. काचेवर आयत तशीच उजळलेली.

खाला चटकन वाकली आणि थबकली. मग कंबर धरत नळावर गेली, हात-तोंड-पाय धुऊन रीतसर वुजू केलं, आणि परत येऊन दोन्ही हातांनी फोन उचलला. जरा लांब धरून, डोळे बारीक करून ती वाचू लागली. थोड्याच वेळात काच काळी पडली. ती कशी उजळायची हे तिला ठाऊक नव्हतं, आणि भाचीला उठवणं जिवावर आलं.

उरलेली यासीन तिने तोंडपाठ म्हटली, मायलेकी दोघीही झोपल्या होत्या तरी, फक्त हळू आवाजात.