रेंजनाथांची कृपा नालीपर्यंत

कडा या बाजारगावाजवळच्या आमच्या गावात गेल्या चैत्रापासून चमत्कार चालू होता. रेंजनाथ महाराजांच्या ओट्यावर बसलं, की रिचार्ज संपलेल्या फोनवरसुद्धा नेट चालायचं.

सकाळी नऊलाच ओटा भरायचा. कुणी रील बघतंय, कुणी कांद्याचा भाव बघतंय, कुणी ऊसतोडीला गेलेल्या भावाशी तोंड बघून बोलतंय. सगळे खेटून, माना खाली घालून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय ध्यान लागलंय!

दीक्षेचा विधी सोपा होता. नारळ ठेवायचा, फोन महाराजांच्या हाती द्यायचा आणि डोळे घट्ट मिटायचे. डोळे किलकिले राहिले तर मंत्र जळतो, असं महाराजांनी आधीच बजावलेलं असे. मग ते फोनवर अंगठा फिरवत पुटपुटायचे, "ॐ टॉवराय नमः, सिग्नलं देहि देहि, बफरिंगं नाशय नाशय!" डोळे उघडेपर्यंत पडद्यावर उलट्या पंख्यासारखी कृपेची खूण उमटलेली.

कृपेला हद्द मात्र होती. ओट्यासमोरची नाली ओलांडली की ती तुटायची. सरपंच राधाकिशन यांनी एकदा धीर करून विचारलं, "महाराज, कृपा नालीपाशीच कावून थांबती?"

"बेटा, गंगामाई तरी काठ सोडती का?" महाराज म्हणाले.

सरपंचांना पटलं. पुढच्या ग्रामसभेत नाली दहा फूट पुढे सरकवायचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

हे महाराज पूर्वाश्रमीचे बजरंग. कड्याच्या स्टँडवर त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बसलं आणि दाढी उभी राहिली. नंतर ते कड्याहून आमच्या गावी आले आणि त्यांनी नेमका उत्तरेश्वरच्या घराला लागून असलेला ओटा धरला. पाठ टेकायला भिंत उत्तरेश्वरची. शेजारच्या खोलीत महाराजांची समाधी, म्हणजे दुपारची झोप.

उत्तरेश्वर शेरडं राखतो. त्याची मुलगी वर्षाराणी अंबाजोगाईला लॅब टेक्निशियनचा कोर्स करून आली. नोकरीच्या मुलाखती व्हिडिओवर होतात, म्हणून घरात चैत्रातच नवा राऊटर आला होता. आता पुण्याच्या एका लॅबनं तिची मुलाखत ठेवली. मुलाखतीत काय झालं? समोरच्या मॅडमना दहा मिनिटं वर्षाराणीचं अर्धवट उघडलेलं तोंड दिसत राहिलं. आवाज नाही, हालचाल नाही. मॅडम भल्या, म्हणाल्या गुरुवारी अकराला पुन्हा या. ही शेवटची संधी.

इकडे चुलत्यानं स्थळ आणलेलं. मुलगा निर्व्यसनी, फक्त दिवाळीनंतर तोडीला जायला बायको पाहिजे. आमच्याकडे तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. वर्षाराणीला उरलेला अर्धा व्हायचं नव्हतं.

तिनं राऊटरच्या मागं कंबर कसली. उत्तरेश्वरनं तो देव्हाऱ्यात, समई आणि तांब्याच्या कळशीच्या मधे ठेवला होता. तिथून काढून तिनं तो उंच फळीवर ठेवला. बंद करून चालू केला. वायर बदलली. केबलवाला हरिओम येऊन तपासून गेला. "लाईन टकाटक हाय ताई, लोचा घरातच हाय," म्हणाला.

शेवटी उत्तरेश्वरनं महाराजांनाच घरी आणलं. महाराजांनी राऊटरवरून हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "नजर लागलीय." मग अँटेनांना लिंबू-मिरच्या बांधल्या आणि हवा जायच्या जाळीत चिमूटभर भस्म सोडलं. राऊटर शिंकायचा तेवढा राहिला.

वर्षाराणीनं जाळी ब्रशनं साफ केली आणि भिंतीवर खडूनं वेळा टिपायला सुरुवात केली. पहाटे नेट पळतं. नऊ वाजले की रांगतं. दुपारी महाराज झोपले तरी रांगतंच. एका सोमवारी मात्र दिवसभर पळालं.

"आजी, सोमवारी काय होतं गं?" तिनं आजीला, भिवराबाईला विचारलं.

"काय व्हतं? महाराज समद्यांना घेऊन नारायणगडला दर्शनाला गेलतं. वट्यावर कुत्रंसुदीक नव्हतं."

वर्षाराणीनं खडू खाली ठेवला. मग तिनं राऊटर उलटा केला, पाठीवरच्या चिठ्ठीतला पत्ता फोनवर टाकला आणि राऊटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडली. घरात फोन दोन. यादीत सेहेचाळीस नावं. 'छबुबाई'. 'सरपंच न्यू'. 'डॉन तानाजी'. आणि एक टीव्ही. महाराजांनी ऐहिक सुखाचा त्याग केलेला असल्यामुळे तो त्रेचाळीस इंचीच होता.

"आबा, राऊटर बसवला त्या दिवशी पासवर्ड कुणी ठेवला?"

उत्तरेश्वर अभिमानानं म्हणाला, "हरिओम म्हणला पासवर्ड सांगा. आता असली नवी गोष्ट, शुभ नाव नको का? म्हणून महाराजांना विचारलं. लगीच म्हणले, कृपानाथ एकशेआठ."

पोराच्या बारशाला नाव काढून घ्यावं, तसा ह्यानं पासवर्ड काढून घेतला होता. घराला कुलूप लावलं होतं आणि किल्ली घडवायला चोराकडे दिली होती.

"मी बदलते," वर्षाराणी म्हणाली.

"खुळी का काय? महाराजांनी दिलेला पासवर्ड बदलायचा? पाप लागंल!"

भिवराबाई शेरडाचे कान तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "उत्तऱ्या, एका हौदावर गावाची शेरडं सोडली तर आपल्या करडाला पाणी उरंल का? बदल गं तू. पाप मला लागू दे, मी तशी बी म्हातारी हाय."

गुरुवारी साडेदहाला वर्षाराणी फोन घेऊन ओट्यासमोर उभी राहिली. मी ओट्याच्या टोकाला वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, बसल्या जागी गंमत दिसणार म्हणून उठलो नाही.

"महाराज, आता मी तुमची कृपा बंद करणार हाय," ती म्हणाली.

ओटा हसला. महाराज जास्त हसले. "कर पोरी! हिमालयात बारा वर्षं तपली ती कृपा हाय."

"स्टँडवर व्हता की तुमी तवा," कुणीतरी पुटपुटलं.

तिनं फोनवर नवा पासवर्ड टाकला. थोड्याच वेळात चाळीसेक माना वर आल्या. कांद्याचा भाव अर्ध्यात थांबला. तानाजीच्या रीलमधली बाई एक पाय वर करून उभीच राहिली. शेजारच्या खोलीत कुस्ती चालू होती, तिथला निवेदक मधेच गप झाला.

महाराज ताडकन उभे राहिले. "विटाळ! कुणीतरी विटाळशी बाई वट्यावर बसलीय! म्हणून कृपा गेली!"

बायका खाली बघू लागल्या. छबुबाई अवघडून उठू लागल्या.

"बसा मावशी," वर्षाराणी म्हणाली. "विटाळ न्हाई, पासवर्ड हाय. आता परत चालू करते." जुना पासवर्ड परत टाकला. कुस्ती सुरू झाली. नवा टाकला, गप. जुना टाकला, सुरू. तीन वेळा. तिसऱ्या वेळी लोक महाराजांकडे बघायचे सोडून तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

"म्हंजी हे नेट तुमच्या घरचं?" राधाकिशन म्हणाले.

"आमच्या घरचं. डोळे मिटायला लावून ह्यांनी तुमच्या फोनात आमचा पासवर्ड टाकला. नालीपर्यंतच चालतं, कारण राऊटरची रेंज तेवढीच हाय."

सरपंचांचं तोंड उतरलं. ठरावाचं इतिवृत्त लिहून झालं होतं.

तानाजी महाराजांकडे वळला. "काय बे बजऱ्या, माझा नारळ?"

महाराजांनी समाधी जवळ केली. आतून कडीचा आवाज आला.

छबुबाई वर्षाराणीपुढे वाकल्या. "माय, मग आता तुझ्या पाया पडू का?"

"पाया नका पडू मावशी. अकरा वाजत आलेत, माझी मुलाखत हाय. फक्त अर्धा घंटा कुणी ओरडू नका."

तिनं पासवर्ड शेवटचा बदलला आणि तो कुणालाच सांगितला नाही, देवालाही नाही. उत्तरेश्वर दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ओठावर ठेवून दाखवत होता. आतून वर्षाराणीचा आवाज येत होता, मधे न तुटणारा. रक्ताचा नमुना कसा घ्यायचा, गोठला तर काय करायचं, सगळं ती सांगत होती. अर्ध्या तासानं बाहेर आली आणि म्हणाली, "एक तारखेला कामावर ये म्हणल्या." त्याच संध्याकाळी उत्तरेश्वर चुलत्याकडे गेला आणि स्थळाला नकार सांगून आला.

माणसं वेडी नसतात. नेट हवंच असतं, भाऊ लांब असतो, रिचार्ज संपलेला असतो. गरज खरी असते, म्हणून तर लबाडी खपते. पण डोळे मिटायला सांगणाऱ्यासमोर आधी ते उघडे ठेवा. आणि कुणी फुकट कृपा वाटत असेल, तर हात जोडण्याआधी एवढंच शोधा, की ती कमी कुणाच्या घरातून होतेय.